लांब हाडाचे भाग आणि सांध्यांचे प्रकार: पाठ होतात, पण हाड हातात आलं की गोंधळ

जीएनएम_अंबाजोगाई

नमस्कार. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) पहिल्या वर्षाला आहे, बारावी मराठी माध्यमातून. शरीररचनेच्या तोंडी परीक्षेत समोर हाड ठेवून विचारतात, म्हणून तीन शंका विचारायलेय.

१. डायाफिसिस, मेटाफिसिस, एपिफिसिस ही नावं पाठ आहेत, पण प्रत्यक्ष हाडावर मेटाफिसिस कुठं सुरू होतं आणि कुठं संपतं ते कळत नाही. मोठ्या माणसाच्या हाडावर तशी रेघच दिसत नाही. मग ते वेगळं शिकवतात कशासाठी?

२. हाड उजवं की डावं हे ओळखायची खात्रीची रीत कोणती?

३. शाळेच्या पुस्तकात बिजागरीचा, उखळीचा आणि सरकता असे सांधे होते. कॉलेजच्या पुस्तकात तंतुमय, कास्थीय, सायनोव्हियल हे तीन, आणि त्यातल्या सायनोव्हियलचे पुन्हा सहा. गुडघा एका पुस्तकात बिजागरीचा, दुसऱ्यात काँडायलर. परीक्षेत नेमकं काय सांगावं?

---

अस्थिपेटी

ताई, पहिल्या दोन प्रश्नांपुरतं लिहितो.

लांब हाडाला आपल्याकडं नळी म्हणतात, ते अगदी बरोबर आहे. मधला दांडा म्हणजे डायाफिसिस. त्याच्या भिंती घट्ट हाडाच्या, आत मज्जेची पोकळी. दोन्ही टोकं म्हणजे एपिफिसिस. तिथं बाहेर घट्ट हाडाचा पातळ थर असतो आणि आत जाळीदार हाड. या जाळीच्या काड्या भार ज्या दिशेनं येतो त्या दिशेला रचलेल्या असतात. मांडीच्या हाडाचा खुब्याकडचा भाग उभा कापला की त्या कमानीसारख्या वळलेल्या दिसतात. दांडा मध्यावर जाड भिंतीचा असतो, कारण वाकवणारा जोर तिथं सगळ्यात जास्त पडतो. टोकं फुगीर असतात, कारण सांध्यावरचा भार मोठ्या क्षेत्रावर पसरला तरच टोकावरची कास्थी (कूर्चा) टिकते.

आता मेटाफिसिस. वाढत्या वयात एपिफिसिस आणि दांडा यांच्यामध्ये कास्थीची वाढ-चकती असते. या चकतीला लागून दांड्याच्या बाजूचा जो रुंद होत जाणारा भाग, तो मेटाफिसिस. वाढ थांबली की चकतीचं हाड होतं, दोन्ही भाग जुळतात आणि हद्द पुसली जाते. त्यामुळं मोठ्या माणसाच्या हाडावर रेघ दिसत नाही ही तुमची तक्रार रास्त आहे. परीक्षकाला फक्त रुंद होत जाणारा भाग बोटानं दाखवायचा.

वेगळं शिकवण्याचं कारण वॉर्डात कळतं. लहान मुलांत मेटाफिसिसमधल्या बारीक रक्तवाहिन्या केसांच्या पिनेसारखा वळसा घेऊन मागं फिरतात, आणि त्या वळणावर रक्त संथ होतं. रक्तातून आलेले जंतू, बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस ऑरियस, तिथंच ठाण मांडतात. हाडाला पू होण्याचा आजार मुलांत मेटाफिसिसपासून सुरू होतो तो यामुळं. खुब्यात मेटाफिसिसचा भाग सांध्याच्या पिशवीच्या आत येतो, म्हणून तिथला पू थेट सांध्यात उतरू शकतो. ताप आहे आणि मूल पाय टेकवत नाही, अशा वेळी पहिल्या आठ-दहा दिवसांत एक्स-रे स्वच्छ आला तरी निर्धास्त राहायचं नसतं. एक्स-रेवर हाडातला बदल उशिरा उमटतो.

हाडावरचं आवरण म्हणजे पेरिऑस्टियम. बाहेरचा थर तंतूंचा, आतला थर हाड तयार करणाऱ्या पेशींचा. सांध्याच्या कास्थीवर हे आवरण नसतं. मुलांत ते जाड असतं, म्हणून हाड कोवळ्या फांदीसारखं एका बाजूनं तडकतं आणि दुसऱ्या बाजूनं नुसतं वाकतं. आवरणाला मज्जातंतू भरपूर. नडगीची आतली बाजू थेट कातडीखाली असते, तिथं बाजेचा पाया लागला की डोळ्यांत पाणी येतं ते त्यामुळंच.

रक्तपुरवठ्याचा एक नियम पाठ करा, तोंडी परीक्षेत हटकून विचारतात. दांड्यावर एक तिरकं छिद्र असतं, त्यातून पोषक धमनी आत जाते. या छिद्राची दिशा कोपराकडे जाणारी आणि गुडघ्यापासून लांब जाणारी असते. म्हणजे दंडाच्या हाडात खाली, रेडियस-अल्नात (कोपर ते मनगट यांमधली दोन हाडं; अंगठ्याकडचं रेडियस, करंगळीकडचं अल्ना) वर, मांडीच्या हाडात वर, नडगीच्या हाडात खाली. छिद्र ज्या टोकाकडं पाहतं त्याच्या विरुद्ध टोक जास्त वाढणारं असतं. हाताची वाढ मुख्यतः खांद्याजवळ आणि मनगटाजवळ, पायाची मुख्यतः गुडघ्याभोवती. मांडीच्या हाडाची सुमारे 70 टक्के लांबी खालच्या टोकाकडून येते. मुलाच्या गुडघ्याजवळची चकती चिरडली तर पाय आखूड राहण्याची धास्ती मोठी, ती याच हिशोबानं.

दुसरा नियम असा की ज्या टोकाचं केंद्र, म्हणजे हाड बनायला जिथून सुरुवात होते तो ठिपका, आधी उगवतं ते टोक शेवटी जुळतं. फिब्युला (नडगीच्या बाहेरच्या बाजूचं बारीक हाड) याला अपवाद आहे. तिथं खालच्या टोकाचं केंद्र आधी येतं आणि आधीच जुळतं.

आता उजवं-डावं. तीनच प्रश्न, याच क्रमानं विचारायचे: वरचं टोक कोणतं, पुढची बाजू कोणती, आतली बाजू कोणती. तिन्हींची उत्तरं मिळाल्याशिवाय तोंड उघडू नये.

मांडीचं हाड: गोल डोकं वर आणि आत. मागं खडबडीत उभी कड, पुढं दांड्याचा फुगवटा.
दंडाचं हाड: गोल डोकं वर, आत आणि थोडं मागं. वर पुढच्या बाजूला दोन उंचवट्यांमधली खाच, खाली मागच्या बाजूला खोल खड्डा.
नडगीचं हाड: रुंद टोक वर, धारदार कड पुढं, खाली घोट्याचा उंचवटा आत.
रेडियस: चकतीसारखं डोकं वर, रुंद टोक खाली. खालचा टोकदार भाग बाहेर, आणि बोटाला लागणारा छोटा उंचवटा मागं.
अल्ना: वर पान्याच्या तोंडासारखी खाच, तिचं तोंड पुढं. रेडियस टेकायची छोटी खाच बाहेरच्या बाजूला.
फिब्युला: हे सगळ्यांना चकवतं. खालच्या टोकावर आतल्या बाजूला सांध्याचा गुळगुळीत भाग, आणि त्याच्या मागं खड्डा. तो खड्डा सापडला की मागची बाजू ठरली.

मांडीचं हाड हातात सरळ खांबासारखं धरू नका. खालचे दोन्ही गोळे टेबलावर सारखे टेकवा, दांडा आपोआप वर जाताना बाहेरच्या बाजूला झुकेल. शरीरात ते असंच असतं, आणि तसं धरलं की परीक्षकाचा अर्धा प्रश्न तिथंच मिटतो.

---

सांधेजोड_नांदेड

तिसऱ्या प्रश्नाचं लिहिते.

सांध्यांची वाटणी दोन प्रकारे होते. पहिली, दोन हाडांच्या मध्ये काय आहे यावरून. तंतू असले तर तंतुमय, कास्थी असली तर कास्थीय, आणि द्रवानं भरलेली पोकळी असली तर सायनोव्हियल. दुसरी, हालचाल किती होते यावरून. शाळेतला बिजागरीचा, उखळीचा आणि सरकता हे तिन्ही सायनोव्हियलच्या पोटातले. त्यामुळं दोन्ही पुस्तकं बरोबर आहेत. उत्तर लिहिताना मात्र आधी वाटणी कशावरून करताय ते लिहा, नाहीतर दोन्हींची खिचडी होते.

तंतुमय: कवटीच्या शिवणी, दात आणि जबड्याचा जोड, नडगी आणि फिब्युला यांचा खालचा जोड.

कास्थीय सांध्याचे दोन उपप्रकार. पहिल्या उपप्रकाराचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे वरच्या उत्तरातली वाढ-चकती. तीसुद्धा एक सांधाच आहे, फक्त मुदतीचा. वाढ संपली की तिचं हाड होतं. दुसऱ्या उपप्रकारात तंतुमय कास्थीची गादी असते आणि ती आयुष्यभर राहते: मणक्यांमधल्या चकत्या, ओटीपोटाच्या पुढचा जोड. हे दुसऱ्या उपप्रकारातले सांधे शरीराच्या मध्यरेषेवर असतात, एवढं लक्षात ठेवलं तरी उदाहरण चुकत नाही.

सायनोव्हियलचे सहा प्रकार:

सपाट सरकते: मनगटातल्या छोट्या हाडांचे आपसांतले सांधे.

बिजागरीचे: कोपर, घोटा, बोटांची पेरं. घोट्याची एक गोष्ट बघा. टॅलस (घोट्यातलं पावलाचं सगळ्यात वरचं हाड) पुढं रुंद आणि मागं अरुंद असतं. पाऊल वर ओढलं की रुंद भाग खोबणीत घट्ट बसतो. टाच उचलून पंजावर आलं की अरुंद भाग खोबणीत येतो आणि सांधा सैल होतो. पाऊल मुरगळतं ते बहुतेक याच अवस्थेत आणि आतल्या बाजूला वळून. त्यामुळं बाहेरच्या बाजूचा पुढचा अस्थिबंध (हाडाला हाड बांधणारा पट्टा) आधी ताणतो किंवा तुटतो.

खुंट्याचे: जातं आठवा. खालच्या तळीचा खुंटा आणि त्याभोवती फिरणारी वरची तळी. मानेच्या दुसऱ्या मणक्याचा खुंटा वर येतो आणि पहिला मणका डोक्यासकट त्याभोवती फिरतो. मान नकारार्थी हलते ती इथं. होकाराची हालचाल त्याच्या वरच्या सांध्यात, कवटी आणि पहिला मणका यांच्यात. खुंट्याला मागून एक आडवा अस्थिबंध धरून ठेवतो, आणि त्याच्या लगेच मागं मज्जारज्जू आहे. लिंबावरून किंवा विहिरीत पडलेल्या माणसाची मान हलवू नका असं सांगतात ते एवढ्यासाठी. दुसरं उदाहरण कोपराजवळ रेडियसचं डोकं. ते एका कडीसारख्या अस्थिबंधात फिरतं. एक ते चार वर्षांच्या मुलाला मनगट धरून झटक्यात उचललं की डोकं कडीतून थोडं निसटतं. मग मूल हात लोंबता ठेवतं आणि वापरत नाही.

लंबगोल: मनगट. इथं एक ठरलेला चकवा आहे. अल्ना मनगटाच्या सांध्यात थेट भाग घेत नाही, मध्ये कास्थीची चकती असते. एका बाजूला रेडियस आणि ही चकती, दुसऱ्या बाजूला मनगटाच्या पहिल्या रांगेतली तीन हाडं.

खोगीर: अंगठ्याच्या मुळाचा सांधा. मनगटाला लागून आहे तो. पुष्कळ जण अंगठ्याच्या मधल्या गाठीवर बोट ठेवतात आणि गुण घालवतात.

उखळीचे: खुबा आणि खांदा. दोन्ही उखळीच, पण खुब्याची उखळ खोल आणि खांद्याची ताटलीसारखी उथळ. दंडाच्या डोक्याचा जेमतेम एक चतुर्थांश ते एक तृतीयांश भाग एका वेळी त्या ताटलीला टेकतो. म्हणून खांदा सगळीकडं फिरतो, आणि म्हणूनच निखळतो. निखळताना डोकं बहुतेक वेळा पुढं आणि खाली येतं. अशा रुग्णाच्या दंडाच्या वरच्या बाहेरच्या भागाला स्पर्श कळतो का हे बसवण्याआधी आणि बसवल्यानंतर दोन्ही वेळा तपासून लिहायचं, कारण ॲक्सिलरी मज्जातंतू तिथंच दुखावतो.

गुडघा: काँडायलर (हाडाच्या दोन गोळ्यांवर टेकलेला सांधा) लिहा, आणि पुढं "बदललेली बिजागरी असंही म्हणतात" हे जोडा. निव्वळ बिजागरी म्हणता येत नाही, कारण पाय पूर्ण सरळ होताना शेवटच्या टप्प्यात फिरकी असते. पाऊल जमिनीवर टेकलेलं असेल तर मांडीचं हाड आतल्या बाजूला फिरतं आणि गुडघ्याला कुलूप लागतं. त्यामुळं स्नायूंवर फार ताण न देता उभं राहता येतं. हे कुलूप गुडघ्यामागचा पॉप्लिटियस स्नायू उघडतो. शिवाय गुडघ्याची वाटी आणि मांडीचं हाड यांचा सांधा खोगिराच्या प्रकारात धरतात, म्हणजे एका गुडघ्यात दोन प्रकार.

सायनोव्हियल सांध्यात कास्थीला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात आणि मज्जातंतूही नसतात. भार आला की ती स्पंजासारखी दाबली जाते, सुटला की द्रव शोषते. तिचं पोट असं भरतं. निरोगी गुडघ्यात हा द्रव चार मिलिलिटरच्या आतबाहेर असतो, एका चमच्याहून कमीच.

शेवटचं एक: मूल गुडघा दुखायलाय म्हणत असेल आणि गुडघ्यात काही सापडत नसेल तर खुबा तपासायचा. दोन्ही सांध्यांना काही मज्जातंतू सामाईक आहेत, त्यात ऑब्ट्युरेटर मुख्य.

---

जीएनएम_अंबाजोगाई

दोघांचेही आभार, मेटाफिसिसचं आता डोक्यात बसलं. एकच विचारते. कॉलेजातली हाडं वाळलेली आणि वार्निश लावलेली. आवरण, कास्थी, वाढ-चकती हे ओलं कुठं बघायला मिळेल? घरी काही करता येतं का?

---

अस्थिपेटी

येतं की. मटणाच्या दुकानातून अदत बोकडाचा मागचा पाय घ्या, मांडीपासून नडगीपर्यंत. गुडघ्यावर सुरा घालू नका असं आधीच सांगा. अदत म्हणजे पक्के दात न आलेला, त्या वयात गुडघ्याभोवतीच्या वाढ-चकत्या उघड्या असतात. दोन दाती किंवा त्याहून थोराड घेतला तर चकती जुळत आलेली असू शकते. पुढचा पाय घेऊ नका. कोपराजवळच्या चकत्या फार लवकर जुळतात, आणि शेळीत रेडियस-अल्ना एकमेकींना चिकटलेल्या असतात, मग माणसाच्या हाडाशी तुलना फसते.

हातमोजे घाला. मांस काढून झालं की सुऱ्याच्या पाठीनं दांडा खरवडा. पांढरट पातळ पापुद्रा सुटेल, ते पेरिऑस्टियम. मग वाटीच्या खालचा जाड पट्टा आडवा कापून सांधा उघडा. आतला द्रव दोन बोटांत धरून बोटं लांब करा, तार निघते. निळसर पांढरी चकचकीत कास्थी, दोन चंद्रकोरी गाद्या आणि मधले फुलीसारखे दोन अस्थिबंध, सगळं एकाच ठिकाणी दिसेल.

आता मांडीचं हाड वेगळं काढून दोन-तीन तास फ्रीजरमध्ये ठेवा. तसं न करता करवत चालवली तर मज्जा सगळीकडं माखते आणि जाळी दिसत नाही. शिकंज्यात पकडून बारीक दातांच्या हॅकसॉनं उभं कापा. हातात धरून कापू नका, ओलं हाड निसटतं. कापलेली बाजू थंड पाण्याखाली जुन्या टूथब्रशनं हलकी घासा. टोकाजवळ नागमोडी जाणारी पांढरट रेघ म्हणजे वाढ-चकती. तिच्या दांड्याकडचा जाळीदार पट्टा म्हणजे तुमचा मेटाफिसिस. कोवळ्या बोकडाचं मटण कुकरमध्ये जास्त शिजलं की नळीच्या टोकाची टोपी सुटून हातात येते, तीही याच रेषेवर सुटलेली असते.

हाड कशाचं बनलंय ते बघायला कोंबडीच्या तंगडीची दोन हाडं पुरतात. पहिलं स्वच्छ करून काचेच्या बरणीत पांढऱ्या व्हिनेगरमध्ये पूर्ण बुडवा, 250 मिलिलिटर पुरे. झाकण सैल ठेवा, वायू निघतो. व्हिनेगर दर दोन दिवसांनी बदला. साधारण आठवड्यात क्षार विरघळतात आणि उरलेलं कोलॅजन (हाडातले प्रथिनांचे धागे) रबरासारखं वाकतं. दुसरं हाड विस्तवात पांढरं होईपर्यंत जाळा. कोलॅजन जळून जातं, आकार तोच राहतो, पण दाबलं की भुगा. व्हिनेगरमधलं हाड मध्ये कडकच राहिलं तर दोनच कारणं: वरची चरबी निघाली नव्हती, किंवा व्हिनेगर बदललं नव्हतं. लवकर व्हावं म्हणून संडास साफ करायचं ॲसिड वापरू नका. ते ब्लीचिंगशी मिसळलं तर क्लोरीन वायू होतो.

आणि शेळीच्या मागच्या पायात मागच्या बाजूला दुमडलेला दिसतो तो गुडघा नव्हे, तो घोटा. खरा गुडघा वर पोटाजवळ असतो.

---

वॉर्ड_नंबर_सात

वरच्या माहितीत वॉर्डातलं थोडं घालतो. परिचारिकेला हेच जास्त लागतं.

दंडाचं हाड कुठं मोडलं यावरून काय तपासायचं ते ठरतं. वरच्या मानेशी मोडलं तर ॲक्सिलरी मज्जातंतू. दांड्याच्या मध्यावर मोडलं तर रेडियल, रुग्ण मनगट वर उचलू शकत नाही. कोपराच्या लगेच वर मोडलं तर ब्रेकियल धमनी आणि मीडियन मज्जातंतू. आतल्या उंचवट्याशी मोडलं तर अल्नर.

कोपराच्या वरचा मोड मुलांत फार होतो, आणि आपल्या भागात पुष्कळदा मूल आधी हाड बसवणाऱ्याकडं जातं. तिथं चोळून, बांबूच्या कामट्या लावून आवळून बांधतात. आत सूज वाढते, बाहेरून पट्टी ढिली होत नाही, स्नायूंच्या कप्प्यातला दाब वाढतो आणि बारीक वाहिन्यांतलं रक्त थांबतं. काही तासांत स्नायू मरायला लागतात आणि पुढं हात आखडून वाकडा राहतो. पहिली खूण म्हणजे मोडाच्या मानानं फार जास्त वेदना, आणि बोटं हलकेच सरळ केली तरी मूल किंचाळतं. नाडी लागते म्हणून थांबू नका, नाडी जाते ती उशिरा. डॉक्टरांना तत्काळ कळवा. प्लास्टर आणि आतला कापूस पूर्ण लांबीवर कातडीपर्यंत कापावा लागतो. हात हृदयाच्या पातळीवर ठेवा. फार उंच टांगला तर रक्त आणखी कमी पोचतं. नुसतं वेदनाशामक देऊन झोपवणं ही इथली सगळ्यात महागात पडणारी चूक.

कामट्या वापरायच्याच असतील, म्हणजे फडात किंवा शेतात मोड झाला आणि गाडी यायला वेळ आहे, तर खाली कापडाची जाड घडी घाला. मोडाच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे स्थिर राहतील एवढी कामटी लांब हवी. नडगी मोडली तर गुडघा आणि घोटा दोन्ही. बांधण्याआधी आणि बांधल्यावर बोटांचा रंग, ऊब आणि स्पर्श बघा. मांडीचं हाड मोडलं तर कातडी न फाटताही आत एक ते दीड लिटर रक्त साचू शकतं, तेव्हा नाडी आणि रक्तदाब आधी.

लहान मुलाला शीर सापडत नसेल तर नडगीच्या हाडात सुई घालतात. वाटीच्या खालच्या उंचवट्यापासून एक-दोन सेंटीमीटर खाली, आतल्या सपाट बाजूला, आणि सुईचं टोक सांध्यापासून लांब झुकवून. असं का, ते वाढ-चकतीचं वाचल्यावर तुम्हालाच सांगता येईल.

प्लास्टर निघाल्यावर सांधा आखडलेला असतो. कास्थीचं पोट हालचालीवर भरतं असं वर आलंच आहे. प्लास्टरमध्ये असतानाच मोकळी बोटं दर तासाला हलवायला लावा.

नांदेड जिल्ह्याच्या काही भागात बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. असं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं की अस्थिबंधांत आणि रेडियस-अल्नाच्या मधल्या पडद्यात हाड तयार होतं, कणा ताठरतो. या रुग्णांच्या हाताच्या एक्स-रेवर तो पडदा काट्यासारखा उमटलेला दिसतो. पिण्याच्या पाण्यात मर्यादा लिटरला 1 मिलिग्रॅम, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. पाणी आटतं आणि प्रमाण उलट वाढतं.

---

जीएनएम_अंबाजोगाई

नडगीतल्या सुईचं उत्तर लिहून बघते: वाढ-चकती वरच्या टोकाजवळ आहे, टोक वर झुकलं तर सुई चकतीत जाईल आणि हाडाची वाढ बिघडेल. बरोबर का?

---

वॉर्ड_नंबर_सात

बरोबर. आणि नडगीचं वरचं टोक हे जास्त वाढणारं टोक, तेही पुढं जोडा.